हवाई दलाच्या तळाजवळचे घर सैनिकी कुटुंबाला भाड्याने देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लोहगाव, धानोरी, विश्रांतवाडी, टिंगरेनगर, विमाननगर या भागांत ज्यांचे स्वतःचे घर आहे आणि ते हवाई दलातील कुटुंबाला भाड्याने देण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. नागपूरच्या वायुसेनानगरच्या आसपास किंवा नाशिकजवळ ओझरला घर असणाऱ्यांनाही यातील कायद्याचा भाग तसाच लागू पडतो, कारण भाड्याचा कायदा राज्याचा आहे.

प्रश्न: तळाच्या आत निवासस्थाने असताना ही कुटुंबे बाहेर घर का शोधतात?

तळावरील क्वार्टरची संख्या ठरलेली असते आणि बदलून येणाऱ्यांचा ओघ चालूच असतो, त्यामुळे प्रतीक्षायादीत नाव लावून काही महिने बाहेर राहणे बहुतेकांना भाग पडते. याखेरीज पत्नीची नोकरी खराडी-विमाननगरकडे असणे, सोबत राहणाऱ्या आईवडिलांसाठी मोठी जागा लागणे, अशीही कारणे असतात. आणखी एक कारण घरमालकांच्या सहसा लक्षात येत नाही. जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी वायुसैनिकाची बदली झाली, तर पत्नी आणि मुले आधीच्याच शहरात मागे राहतात. मुलगी दहावीत असेल तर हा निर्णय जवळजवळ ठरलेलाच असतो. अशा वेळी तुमच्या घरात दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती म्हणजे करारावर सही करणारा वायुसैनिक नव्हे, तर त्याची पत्नी असते, आणि पाण्याच्या मोटारीपासून सोसायटीच्या सभेपर्यंतचे सगळे व्यवहार तीच सांभाळते. घर दाखवताना आणि अटी ठरवताना तिच्याशी नीट, आदराने बोलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न: त्यांना घरभाडे भत्ता मिळतो. त्यावरून भाडे ठरवावे का?

ठरवू नये. सातव्या वेतन आयोगानंतरच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून हा भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाला. पुणे पहिल्या वर्गात येते, नागपूर आणि नाशिक दुसऱ्या. मूळ वेतन ४०,००० रुपये असेल तर पुण्यात या दराने १२,००० रुपये होतात, आणि तेवढ्या रकमेत दोन खोल्यांचे बरे घर मिळणे कठीण असते, म्हणजे वरची रक्कम ते कुटुंब पगारातूनच भरते. "सरकार भाडे देते, मग थोडे वाढवून सांगू" हा विचार चुकीच्या समजावर उभा आहे. हुद्दा विचारून भाड्याचा आकडा बदलणे तर मला अयोग्यच वाटते. त्याच इमारतीतील तशाच घराला जे भाडे मिळते, तेच यांनाही सांगावे.

प्रश्न: अकरा महिन्यांचा नोटरी केलेला करार पुरेसा आहे का?

नाही, आणि या गैरसमजाची किंमत शेवटी घरमालकालाच मोजावी लागते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच पडली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने प्रत्येक भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाद झाला तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराचा खरा लाभ कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही तर घरमालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्चही फारसा नाही. एकूण भाडे, परत न करायची अनामत असल्यास ती, आणि परत करायच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. महिना २२,००० रुपये भाडे, ६०,००० रुपये डिपॉझिट आणि २४ महिन्यांची मुदत धरली तर भाड्याचे ५,२८,००० आणि व्याजाचे १२,००० मिळून ५,४०,००० रुपये होतात. त्यावरचे शुल्क १,३५० रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी महानगरपालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. आधार आणि अंगठ्याच्या ठशाच्या आधारे ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, त्यामुळे रजा नाही म्हणून भाडेकरू निबंधक कार्यालयात येऊ शकत नाही, ही अडचणही आता राहिलेली नाही.

प्रश्न: मुदत संपण्याआधीच बदली झाली तर काय? करारात ते कसे लिहावे?

सैनिकी कुटुंबाला घर देताना सर्वाधिक विचार याच एका गोष्टीचा करावा. इतर भाडेकरूंच्या बाबतीत मध्येच घर सोडणे हा अपवाद असतो. इथे पोस्टिंग येणारच आहे, फक्त तारीख ठाऊक नाही. म्हणून करार बदली गृहीत धरूनच लिहावा, आणि ज्या दिवशी सगळ्यांची मने मोकळी असतात त्याच दिवशी, म्हणजे किल्ली देण्यापूर्वी, हे बोलून घ्यावे.

अमेरिकेत २००३ च्या एका केंद्रीय कायद्याने बदलीचा आदेश मिळालेल्या सैनिकाला भाडेकरार संपवण्याचा हक्कच दिला आहे. लेखी सूचना दिल्यानंतर भाड्याचा जो पुढील हप्ता देय होतो, त्या तारखेपासून ३० दिवसांनी तिथे करार संपतो. आपल्याकडे बदलीमुळे करार आपोआप संपत नाही. लॉक-इनची, म्हणजे ठरावीक महिन्यांआधी घर न सोडण्याची, अट घातली असेल आणि बदलीचे कलम नसेल, तर देशाच्या दुसऱ्या टोकाला निघालेल्या कुटुंबाकडून राहिलेल्या महिन्यांचे भाडे मागण्याची पाळी घरमालकावर येते. ते पैसे वसूल होण्याची शक्यता कमी आणि मनस्ताप दोघांनाही होतो.

माझ्या मते कलमात तीन प्रसंग वेगवेगळे लिहावेत. पहिला, दुसऱ्या शहरात बदली: लेखी सूचनेपासून ३० दिवसांनी करार संपेल, लॉक-इन लागू राहणार नाही आणि दंड आकारला जाणार नाही. दुसरा, तळावर क्वार्टर मिळणे: प्रत्यक्षात घर लवकर रिकामे होण्याचे हे कारण वारंवार घडते आणि करारात मात्र त्याचा उल्लेख नसतो. क्वार्टर ताब्यात घेतल्यावर घरभाडे भत्ता थांबतो, त्यामुळे कुटुंबाला दोन घरांचा भार पेलत नाही. परंतु प्रतीक्षायादीत आपला क्रमांक साधारण कुठे आहे हे भाडेकरूला आधीपासून माहीत असते, म्हणून इथे किमान सहा महिन्यांचे वास्तव्य आणि ४५ दिवसांची सूचना मागणे अन्यायाचे ठरत नाही. तिसरा, वायुसैनिक एकटाच जाणे आणि कुटुंब इथे राहणे: करार आहे तसा चालू राहील, आणि भाडे त्याच खात्यातून येत राहील, असे स्पष्ट लिहावे.

बदलीचा पुरावा म्हणून मूव्ह ऑर्डरची, म्हणजे बदलीच्या आदेशाची, प्रत मागू नये. त्यावर युनिट, ठिकाण आणि तारखा असतात, आणि ती माहिती घरमालकाकडे असण्याचे काहीही कारण नाही. "अमुक तारखेपासून या स्थानकावरून बदली झाली आहे" एवढे सांगणारे, पुढचे ठिकाण न लिहिलेले पत्र पुरेसे मानावे.

सवलत एकतर्फीही असू नये. घरमालकानेही शैक्षणिक वर्षाच्या मध्यात घर रिकामे करण्यास सांगणार नाही, अशी अट स्वतःवर घालून घ्यावी. केंद्रीय विद्यालयांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा मुदत मार्चअखेर संपेल अशी जुळवणी केली तर पुढचा भाडेकरू मिळणेही सोपे जाते.

प्रश्न: करार कोणाच्या नावाने करावा?

सेवेत असलेल्या व्यक्तीच्या नावाने करावा, आणि पत्नी किंवा पती प्रौढ असल्याने त्यांनाही सहअनुज्ञप्तीधारक, म्हणजे करारातील दुसरा भाडेकरू, म्हणून घ्यावे. दोन्ही नावे असली की वायुसैनिक कोर्सला किंवा तात्पुरत्या ड्यूटीवर असतानाही सूचना देणे, दुरुस्तीला संमती घेणे, घराचा ताबा परत करणे यांपैकी काही अडत नाही. भाडे खात्यावरच घ्यावे आणि पावती न मागता द्यावी. वर्षाचे भाडे एक लाख रुपयांपेक्षा अधिक असेल, तर घरभाडे भत्त्यावरील करसवलतीसाठी भाडेकरूला तुमचा पॅन क्रमांक लागतो. तो देण्यास टाळाटाळ करू नये. तुम्हाला स्वतःला भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळतेच.

प्रश्न: फोन करणारी व्यक्ती खरोखरच सैन्यदलातील आहे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न गंभीर आहे, कारण गणवेशावरील लोकांचा विश्वास हेच एका मोठ्या फसवणुकीचे साधन झाले आहे. तिची पद्धत ठरलेली आहे. घराची जाहिरात टाकल्यावर काही तासांत फोन येतो. बोलणारा अत्यंत नम्र असतो, आपण जवान किंवा अधिकारी असून तुमच्या शहरात नुकतीच बदली झाली आहे असे सांगतो, गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्डाचे फोटो न मागता पाठवतो, आणि घर न पाहताच पसंत करतो. भाड्याबद्दल घासाघीस करत नाही. नंतर डिपॉझिट "आमच्या विभागाच्या खात्यातून" येईल, त्यासाठी आधी तुम्ही एक छोटी रक्कम पाठवा किंवा हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगतो. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, तुमच्या खात्यातून जातात.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. एवढे एक वाक्य घरातील वडीलधाऱ्यांना नीट समजावून सांगावे, कारण सैनिकाला मदत करण्याच्या भावनेने असे फोन बहुधा तेच घेतात. दुसरी खूण अशी की खरा वायुसैनिक आपल्या ओळखपत्राचा फोटो अनोळखी माणसाला पाठवत नाही. तसे न करण्याची शिस्त त्याला शिकवलेली असते, आणि म्हणून घरमालकानेही ओळखपत्राची छायाप्रत मागू नये. ओळखपत्र समोरासमोर पाहावे आणि परत द्यावे. करारासाठी आधार आणि पॅन पुरतात. नोंदणीच्या वेळी होणारी आधार पडताळणी हीच खरी तपासणी आहे. कुटुंब घर पाहायला प्रत्यक्ष आले नसेल, तर कोणताही आर्थिक व्यवहार करू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न: भाडेकरू सैन्यदलातील असताना पोलिसांना कळवणे आवश्यक आहे का?

होय. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देण्याच्या आदेशातून हुद्द्यामुळे सूट मिळत नाही, आणि तळाच्या शेजारी तर ही काळजी अधिकच घ्यावी. माहिती देताना नाव, कायमचा पत्ता आणि आधार एवढेच लिहावे. युनिटचे नाव किंवा कामाचे स्वरूप लिहू नये, आणि ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच टाकू नये.

प्रश्न: भाडे थकले तर पगारातून वसूल करता येते का?

न्यायालयामार्फत तसे करता येत नाही. हवाई दल अधिनियम, १९५० लागू असलेल्या व्यक्तीचे वेतन आणि भत्ते दिवाणी हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही त्यांना जप्तीतून वगळले आहे. शिवाय १९२५ चा भारतीय सैनिक (वाद) अधिनियम आहे. सैनिक युद्धासारख्या विशेष परिस्थितीत सेवा बजावत असेल, तर त्याच्याविरुद्धचे कामकाज त्या कायद्यानुसार तहकूब ठेवले जाते. ही तरतूद रास्त आहे असेच मला वाटते, कारण सीमेवर असलेला माणूस पुण्याच्या न्यायालयात हजर राहू शकत नाही.

व्यवहारात मात्र असे प्रसंग विरळाच येतात, कारण पगार वेळेवर होतो आणि नागरी देण्यांबाबत तक्रार आली तर तिची दखल सेवेतच घेतली जाते. थकबाकी खरी असेल, दोन लेखी स्मरणपत्रे देऊनही उत्तर आले नसेल, तर कमान अधिकाऱ्यांच्या नावे संयत भाषेत पत्र लिहिता येते. त्याचा धाक दाखवून डिपॉझिटच्या किरकोळ वादात दडपण आणणे मात्र अशोभनीय आहे. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढे डिपॉझिट घेतले असेल, तर मुळात तिथपर्यंत जावेच लागत नाही.

प्रश्न: विमानांच्या आवाजाबद्दल आधी सांगावे का?

सांगावे. लोहगावचा तळ १९३९ पासून आहे, आणि सुखोई-३० जातीची विमाने देशात प्रथम याच तळावर दाखल झाली. त्यांच्या उड्डाणाच्या वेळी खिडकीची तावदाने हादरतात, हे लपवून काही साधत नाही. हवाई दलातील माणसाला या आवाजाचे नवल नसते, पण तान्हे बाळ किंवा आजारी सासूबाई घरात असतील तर त्यांना तो जड जातो. शयनगृहाच्या खिडक्यांना जाड काच आणि रबरी पट्ट्या बसवणे हा असा खर्च आहे जो मी सर्वांत आधी करण्यास सांगेन. भिंतींच्या नव्या रंगापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

प्रश्न: घरात आणखी कोणत्या सोयी पाहिल्या जातात?

सामानाच्या पेट्यांना जागा. दर काही वर्षांनी संसार हलवणाऱ्या या कुटुंबांकडे नाव आणि क्रमांक रंगवलेल्या मोठ्या काळ्या ट्रंका असतात, आणि त्या रिकाम्या झाल्या तरी पुढच्या पोस्टिंगसाठी जपून ठेवाव्या लागतात. मजबूत माळा किंवा कोरडी बंद बाल्कनी असली तर घर लगेच पसंत पडते. ट्रक इमारतीपर्यंत येतो का, आणि सामान हलवण्यासाठी सोसायटीने ठरवलेल्या वेळा कोणत्या, हेही आधी सांगावे.

प्रश्न: सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा शुल्क घेते. ते किती असू शकते?

राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. त्यात मालमत्ता कर धरायचा नसतो. हे शुल्क घरमालकाचे आहे, ते भाडेकरूच्या माथी मारू नये.

प्रश्न: भाड्याने देण्यासाठी वर एक मजला वाढवता येईल का?

तळाजवळ हे स्वतःच्या मनाने करता येत नाही. धावपट्टीच्या भोवती इमारतींच्या उंचीवर मर्यादा असतात आणि बांधकामाच्या परवानगीसोबत हवाई दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. तळाच्या सीमाभिंतीलगत १९०३ च्या संरक्षण कार्य अधिनियमाखालील निर्बंधही असू शकतात. परवानगी नसलेला मजला भाड्याने दिला, तर तो पाडला जाण्याचा धोका भाडेकरूच्या संसारावर येतो. कचऱ्याबद्दलही इथेच सांगायला हवे: विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास विमान नियमावलीतील नियम ९१ ने मनाई आहे, कारण कचऱ्यावर येणारे पक्षी विमानावर आदळतात. गच्चीवर खरकटे किंवा धान्य टाकू नये, हे करारासोबतच्या सूचनांत जरूर लिहावे.

प्रश्न: मी स्वतः सेवेत आहे आणि माझेच घर भाड्याने दिले आहे. निवृत्तीनंतर ते परत मिळेल का?

१९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २३ याच स्थितीसाठी आहे. सेवेतील किंवा निवृत्त सैनिकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या राहण्यासाठी घराची खरी गरज असेल, तर त्याला ताबा मागता येतो. तो सैन्यदलात आहे किंवा होता, आणि त्या भागात त्याच्याकडे राहण्यायोग्य दुसरे घर नाही, असे प्राधिकृत अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते.

प्रश्न: घर सोडताना डिपॉझिट केव्हा आणि कसे परत करावे?

ट्रक निघण्यापूर्वी, त्याच दिवशी. इतर भाडेकरू त्याच शहरात राहतात आणि पंधरा दिवसांनी येऊन हिशेब करू शकतात. हे कुटुंब दुसऱ्या दिवशी जोधपूरच्या किंवा तेजपूरच्या गाडीत असते, आणि तिथे पोहोचताच त्यांना नव्या घराचे डिपॉझिट भरायचे असते. त्यासाठी राहायला येतानाच प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून दोघांनी सह्या केलेली यादी करावी, आणि निघण्याच्या आठ दिवस आधी घर एकदा सोबत पाहावे. वीजबिलाचा अंतिम आकडा आलेला नसेल तर मीटरचे वाचन दोघांनी मिळून घेऊन तेवढी अंदाजे रक्कम राखावी, आणि उरलेली सर्व खात्यावर जमा करून मगच किल्ली घ्यावी.